नगराळ्यांकडची जवाची दारू

छापून आलेली लग्नपत्रिका वाटायची असते, वाचायची नसते, हे रायपुरात सगळ्यांना ठाऊक आहे. गुलाबराव नगराळ्यांना ते ठाऊक नव्हतं. त्यांची सगळी नोकरी रेल्वेच्या दफ्तरात साहेबांच्या इंग्रजी पत्रांचे मसुदे करण्यात गेली होती, आणि कोशात पाहिल्याशिवाय एकाही इंग्रजी शब्दाला घराबाहेर जाऊ द्यायचं नाही हा त्यांचा दंडक होता. निवृत्तीच्या दिवशी सहकारी भिंतीवरचं घड्याळ देत होते, तर यांनी त्याऐवजी एक जाडजूड कोश मागून घेतला. त्यात शब्दाचा अर्थ, अर्थाखाली त्याचं मूळ, मुळाखाली आणखी मूळ. घरातल्यांच्या मते घड्याळ बरं पडलं असतं.

तर साक्षीच्या लग्नपत्रिकांचे गठ्ठे सदर बाजारातल्या प्रेसमधून घरी आले आणि गुलाबराव लाल पेन घेऊन बसले. मुलगा प्रशिक याने कार्यक्रमाच्या रकान्यात 'बारात आगमन'च्या खाली 'ब्राइडल एंट्री' असं छापून घेतलं होतं. हल्ली नवरी मंडपात नुसती येत नाही. खालून धूर सोडतात, वर फुलांची चादर धरतात, आणि गेटापासून स्टेजपर्यंतच्या त्या चार पावलांना तिला दोन गाणी लागतात. गुलाबरावांचा त्याला विरोध नव्हता. विरोध करून उपयोग नसलेल्या गोष्टींना ते विरोध करत नसत. पण शब्द कोशात पाहायला हवा होता.

कोशात निघालं ते असं. आज 'ब्राइडल' या शब्दाचा अर्थ नवरीचा, लग्नाचा, इतका सभ्य असला तरी हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तो दोन शब्दांचा जोड होता. पहिला 'ब्राइड', म्हणजे नवरी. दुसरा 'एल', म्हणजे जवापासून काढलेली दारू, आजच्या बिअरची पणजी. नवरीची दारू. लग्नाला अख्ख्या गावाने बसून ती प्यायची, म्हणून पुढे लग्नाच्या मेजवानीलाच ते नाव पडलं. मग हळूहळू लोक त्यातली दारू विसरले आणि शब्द तेवढा राहिला. लोक दारू विसरल्याचं जगाच्या इतिहासातलं हे एकमेव उदाहरण असावं.

गुलाबरावांनी कोश मिटला, पुन्हा उघडला. मजकूर तोच होता.

त्यांना एवढा घाम का फुटला, हे कळायला दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक, गुलाबराव विहाराच्या व्यसनमुक्ती समितीचे अध्यक्ष होते. अख्ख्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, त्यांचं घर लिंबाच्या सरबतासाठी प्रसिद्ध होतं, आणि ज्यांना सरबत आवडत नसे ते तिथे जात नसत. दुसरी गोष्ट, साक्षीचं लग्न त्याच सरबतावर जमलं होतं. मुलगा यशदीप भिलाईचा, प्लांटमध्ये इंजिनियर. त्याची आई कलावतीबाई. त्यांचा थोरला भाऊ चांगल्या नोकरीत असताना बाटलीपायी गेला होता. साक्षीला पाहायला आल्या तेव्हा त्यांनी तिचं शिक्षण विचारलं नाही की पगार विचारला नाही. म्हणाल्या, "मले पोरीचं काही नाही पाहाचं. बाप पीत नाही ना, झालं मंग." साक्षी आणि यशदीप त्याआधी वर्षभर एकमेकांना ओळखत होते, ही बाब दोन्ही घरांनी समजूतदारपणे मागाहून कळल्यासारखी केली. थोडक्यात, हे लग्न अगदी कोरड्या जमिनीवर उभं होतं, आणि त्याच्या पत्रिकेवर नवरीची दारू छापून आली होती.

सत्यभामाबाईंना नवऱ्याने हे सगळं समजावून सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "जे दारू इंग्रजांनी हजार वर्षाआधी पिऊन टाकली, तिची बाटली तुमी आता काहून हुडकून राहिले?"

गुलाबराव उठले आणि तज्ज्ञाकडे गेले. पुरानी बस्तीत शरच्चंद्र पाटणकर राहतात. भोसल्यांच्या काळात आलेलं घराणं, कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. निवृत्त प्राध्यापकाला कुणी शब्दाचं मूळ विचारायला येणं म्हणजे काय, हे ज्याच्याकडे वर्षानुवर्षं कुणीच काही विचारायला आलेलं नाही त्यालाच कळेल. त्यांनी चहा मागवला, पंखा वाढवला आणि कोशात होतं त्यापेक्षा जास्त सांगितलं. म्हणजे असं, की पुढेपुढे तिकडच्या खेड्यांत ही दारू नवरीकडचे लोक घरी गाळत, पाहुण्यांना विकत, आणि आलेला नफा नवरीला संसारासाठी देत. "आहेरच म्हणायचा," शरच्चंद्र खुशीत म्हणाले, "पाकिटाऐवजी पेला."

गुलाबरावांनी विचारलं, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? शरच्चंद्र म्हणाले की त्यांनी काहीच केलं नसतं, पण ते तत्त्वाचे माणूस नाहीत. हे वाक्य ऐकून आजवर एकही तत्त्वाचा माणूस घरी स्वस्थ बसलेला नाही.

प्रेसवाल्याने पत्रिका पुन्हा छापायला नकार दिला. प्रशिक म्हणाला, "पापा, पूरा इंडिया यही लिखता है।" साक्षीने एवढंच विचारलं, "बाबा, लग्न माझं आहे का डिक्शनरीचं?" शेवटी गुलाबरावांनी 'वधू-आगमन' असं लिहिलेल्या चिंचोळ्या पट्ट्या छापून आणल्या आणि घरातल्या सगळ्यांनी बसून त्या शब्दावर एकेक चिकटवली.

इथे त्यांची पहिली चूक झाली. जी पत्रिका लोकांनी फ्रिजवर ठेवून विसरून जायची, ती लोक उजेडाला धरून पाहू लागले. पट्टी दिसली की ती नखाने काढून पाहायची, हा मनुष्यस्वभाव आहे. खाली निघायचं 'ब्राइडल एंट्री'. यात झाकण्यासारखं काय? लोक फोन करून विचारू लागले. आणि गुलाबराव प्रत्येकाला खरं ते सांगू लागले: जुनी इंग्रजी, खेडी, जव, नवरी, दारू. एवढ्या मोठ्या व्याख्यानातून ऐकणाऱ्याच्या लक्षात एकच शब्द राहायचा, आणि तो जव नसायचा.

शंकर नगरात रीनाचं पार्लर आहे. साक्षीचा मेकअप तिथे ठरला होता आणि बोर्डावर पुरुषभर उंचीच्या अक्षरांत 'ब्राइडल स्टुडिओ' लिहिलेलं होतं. निदान आपल्या घरच्या पॅकेजला तरी ते नाव नको, म्हणून गुलाबराव स्वतः गेले. पार्लरमध्ये गेलेला साठीचा पुरुष जिथे उभा राहतो तिथे चुकीचाच दिसतो. चेहऱ्याला काहीबाही फासलेल्या पाच-सहा बायकांसमोर त्यांनी शब्दाचं मूळ सांगितलं. रीना सगळं ऐकून "हव अंकल, हव अंकल" म्हणाली आणि पॅकेजचं नाव बदलून 'दुल्हन' केलं. बायकांच्या चेहऱ्यावर लेप असल्यामुळे त्यांना तिथे काही बोलता आलं नाही. लेप निघाल्यावर त्यांनी कसर भरून काढली. नगराळ्यांच्या लग्नात दारूचं काहीतरी आहे, ही बातमी संध्याकाळपर्यंत तेलीबांधा तलावावर फिरायला येणाऱ्या मंडळींपर्यंत पोचली होती.

मग मंगल कार्यालय. तिथे नवरीच्या खोलीवर 'ब्राइडल रूम' अशी पाटी. गुलाबरावांनी मॅनेजरला तोंडी न सांगता आपल्या पद्धतीचा अर्ज दिला: 'उपरोक्त विषयान्वये विनंती की, आमच्या समारंभप्रसंगी आपल्या आवारात मद्याशी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष संबंध असलेली कोणतीही व्यवस्था असू नये.' मॅनेजर या धंद्यात केस पांढरे केलेला माणूस होता. त्याने अर्ज वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि दरवाजा लोटून घेतला. "समझ गया भैया," तो हळू आवाजात म्हणाला, "सब ऐसे ही लिखकर देते हैं। आप टेंशन मत लो।"

गुलाबरावांनी हे आश्वासन समजलं आणि आभार मानले. हवं तर यालाच दुसरी चूक म्हणता येईल, पण तोवर पहिलीच इतकी वाढली होती की तिच्यापुढे ही दिसत नव्हती. निघता निघता मॅनेजर म्हणाला, की परवाना मात्र तुमचा तुम्हीच काढा, एका दिवसाचा मिळतो.

परवाना हा शब्द रेल्वेच्या माणसाला जवळचा. गुलाबरावांनी विचार केला, की मद्य पाजण्याचा परवाना असतो त्याअर्थी न पाजण्याचाही काही कागद असणारच. तो मिळवून मंडपाच्या दाराशी लावला की प्रश्न मिटला. ते संबंधित सरकारी कार्यालयात गेले. खिडकीतल्या बाबूने त्यांचा अर्ज दोनदा वाचला, शेजारच्या बाबूला वाचायला दिला, आणि दोघांनी मिळून त्यांच्याकडे पाहिलं. हिंदीत त्यांना समजावण्यात आलं, की शासन पिण्याची परवानगी देतं, न पिण्याची देत नाही, कारण तशी आजवर कुणी मागितलेली नाही. गुलाबराव अडून बसले. तेव्हा पहिल्या बाबूला दया आली. "ऐसा करो अंकल," तो म्हणाला, "पिलाने का परमिट ले लो, और पिलाना मत। रिकॉर्ड में तो रहेगा।"

शासनाच्या कारभाराबद्दल आयुष्यभर आदर बाळगलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं. ते अपमानित होऊन बाहेर पडले आणि फाटकातच त्यांना स्कूटरवर ढोके भेटले. ढोके म्हणजे व्यसनमुक्ती समितीचे उपाध्यक्ष. त्यांनी कार्यालयाच्या पाटीकडे पाहिलं, अध्यक्षांच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं, आणि "जय भीम साहेब, चालू द्या चालू द्या" असं म्हणून मोठ्या मनाने पुढे गेले. त्या रस्त्याला ते कार्यालय आणि पलीकडे सरकारी दारूदुकान, एवढंच आहे. मग ढोके तिकडे कशाला आले होते, हा प्रश्न गुलाबरावांना तेव्हा सुचला नाही.

आता गोष्ट कानावर यायला लागली, तेव्हा गुलाबरावांनी समितीची तातडीची बैठक बोलावली आणि ठराव मांडला: 'अध्यक्षांच्या कन्येच्या विवाहात मद्याची कोणतीही सोय केलेली नसून याबाबतच्या अफवांवर विश्वास ठेवू नये.' ठराव एकमताने पास झाला. सभासद ज्या समजूतदारपणे एकमेकांकडे पाहून मान हलवत होते, त्याने अध्यक्षांना भरून आलं. ठराव व्हॉट्सॲपवर सगळ्यांना गेला.

त्यानंतर पाहुण्यांचा ओघ सुरू झाला. ज्यांनी तब्येतीमुळे येत नाही म्हणून कळवलं होतं त्यांच्या तब्येती सुधारल्या. रेल्वेतले जुने सहकारी, जे निवृत्तीच्या समारंभालाही आले नव्हते, ते सहकुटुंब नाही पण नक्की येतो म्हणाले. नागपूरहून सत्यभामाबाईंचा भाऊ इंद्रजीत याचा फोन आला. आधी हा लग्नाच्या दिवशी सकाळी येऊन रात्री परत जाणार होता. आता तो तीन दिवस राहणार होता. "भाऊजी," तो म्हणाला, "मले फक्त एवढं सांगा, मी तिकडून काही आणू का तुमच्याकडं सगळंच आहे?" गुलाबरावांनी त्यालाही जुनी इंग्रजी समजावली. तो मध्येच म्हणाला, "म्हणजे बिअरच आहे म्हणा. चालते."

आणि मग भिलाईहून कलावतीबाईंचा फोन आला. ठराव त्यांच्यापर्यंत पोचला होता. त्या रागावलेल्या नव्हत्या, हेच गुलाबरावांना जास्त लागलं.

"इवाई," त्या होणाऱ्या व्याह्यांना म्हणाल्या, "आमच्या घरी खून होत नाही, असा बोर्ड मी दारावर लावला, तर तुमी माह्या घरी पोरगी द्याल का?"

गुलाबराव बोलायला लागले. नवरी, जव, कोश, हजार वर्षं. कलावतीबाईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"माहा भाऊ बी लई हुशार होता," कलावतीबाई म्हणाल्या. "रोज नवीन कहाणी सांगे. पण असं दूरचं कारण त्यानं बी कधी सांगतलं नाही." मग त्यांनी निर्णय सांगितला. पत्रिका वाटल्या आहेत, त्यामुळे बारात येईल. पण ती गेटावर थांबेल. आधी त्या एकट्या आत येऊन पाहतील. एक बाटली जरी दिसली तरी यशदीप गाडीतून उतरणार नाही, आणि यशदीप उतरतो म्हणाला तर त्या गाडीच्या दाराला उभ्या राहतील.

फोन ठेवल्यावर गुलाबराव कोशाजवळ जाऊन बसले. साक्षीने तो उचलून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला. ती रडली असती तर त्यांना काहीतरी समजावता आलं असतं. ती म्हणाली, "बाबा, आता माझ्यासाठी एकच करा. कुणालाच काही समजावू नका." गुलाबरावांनी हो म्हटलं. आयुष्यात दिलेल्या वचनांपैकी हे त्यांना सगळ्यात जड गेलं.

लग्नाच्या संध्याकाळी मंगल कार्यालय ओसंडून वाहत होतं, आणि तरी खुर्च्या रिकाम्या होत्या. बायका-मुलं बसलेली. पुरुष मंडळी मात्र फिरत होती. कुणी जनरेटरच्या मागे जाऊन पाहून येई, कुणी आचाऱ्याकडे डोकावे, कुणी पार्किंगमध्ये दुसऱ्याच्या गाडीच्या डिकीजवळ उगाच उभा राही. एकमेकांना भेटले की "उधर?" "नहीं, उधर नहीं," एवढंच बोलून पुन्हा पांगत. लिंबाचं सरबत घेऊन पोऱ्ये फिरत होते आणि लोक ते औषधासारखं नाकारत होते.

बारात गेटावर येऊन थांबली. बँडवाल्यांना का थांबलो ते कळेना, म्हणून त्यांनी तेच गाणं पुन्हा सुरू केलं. कलावतीबाई मोतिया रंगाची साडी नेसून एकट्या आत आल्या. सत्यभामाबाई पुढे झाल्या, तर त्यांना हाताने थांबवून त्या सरळ चालू लागल्या. गुलाबराव दोन पावलं मागे, तोंड शिवल्यासारखे. नवरीच्या खोलीच्या दारात साक्षी पूर्ण सजून उभी होती आणि बापाकडे पाहत होती.

कलावतीबाईंनी स्वयंपाकघर पाहिलं. पाण्याचे जार पाहिले. मग त्यांना हॉलच्या मागच्या कोपऱ्यात लावलेला जाड निळा पडदा दिसला. गुलाबरावांनाही तो तेव्हाच पहिल्यांदा दिसला. त्यांच्या अर्जाचा मॅनेजरने लावलेला अर्थ त्या पडद्याआड मांडून ठेवलेला होता.

कलावतीबाईंनी पडदा सारला. आत गोल टेबलं, पांढरे कपडे अंथरलेले. बर्फाच्या बादल्या, सोड्याच्या बाटल्या, ओळीने ग्लास, मसाला शेंगदाण्यांच्या बशा. सगळ्या टेबलांवर माणसं. इंद्रजीत होता, रेल्वेवाले होते, आणि मधल्या टेबलावर ढोके धरून व्यसनमुक्ती समितीचा जवळजवळ कोरम होता.

साक्षीला दिलेलं वचन मोडून आता काहीतरी बोलायलाच हवं, म्हणून त्यांनी तोंड उघडलं. पण कलावतीबाईंनी तोवर मधल्या टेबलावरचा एक ग्लास उचलून नाकाशी नेला होता. वास घेतला. दुसरा उचलला. त्याचाही घेतला.

ढोके त्यांना ओळखत नव्हते. पण इतका वेळ गप्प बसून त्यांचं मन भरून आलं होतं, आणि कुणाजवळ तरी ते मोकळं करायला हवं होतं. "काय पाहून राहिल्या, बाई," ते दुःखाने म्हणाले, "सोडा हाय नुसता. म्यानेजर म्हणते, बाटल्या घरचेच आणतीन. दोन घंट्यापासून बसून राहिलो इथं. शेंगदाणे बी संपले. मी सोता या गुलाबरावायले परमिटच्या हपिसातून निंगताना पाह्यलं, मंग ते परमिट कुटं गेलं? असा धोका अध्यक्षानं समाजाले देऊ नये."

बाकीच्या टेबलांनीही माना हलवल्या. इंद्रजीतने रिकाम्या ग्लासात बर्फाचा खडा टाकून तो हलवला आणि बहिणीच्या नवऱ्याकडे न पाहता भिंतीकडे पाहत राहिला.

कलावतीबाई हातातला ग्लास ठेवायला विसरल्या. त्यांनी एकेका टेबलाकडे सावकाश पाहिलं. प्रत्येक चेहऱ्यावर थांबल्या. दुकानं बंद असताना संध्याकाळी पुरुषांच्या चेहऱ्यावर जे येतं, ते सगळ्यांच्या चेहऱ्यावर होतं. एकाचाही चेहरा त्यातून सुटलेला नव्हता.

"इवाई," त्या वळून म्हणाल्या. गुलाबरावांचं तोंड अजून उघडंच होतं. "तुमच्या बोलण्यावर माहा भरोसा नव्हता. कागदावर तर नव्हताच. पण बाटली नाही भेटली का माह्या भावाचं तोंड अस्संच होत होतं. मी वीस वर्ष ते तोंड पाह्यलं." त्यांनी ग्लास टेबलावर ठेवला. "इतकेजण एका वेळी असं सोंग नाही करू शकत. सांगा पोट्ट्याले, उतर म्हणा गाडीतून."

प्रशिक गेटाकडे पळाला. बँडचं गाणं बदललं. नवरीच्या दारातून साक्षीने मान वर करून पाहिलं आणि मग पहिल्यांदाच त्या दिवशी हसली. गुलाबरावांनी तोंड मिटलं. आपली लाज राखली ती आपल्या तत्त्वाने की आपल्याच समितीच्या उतरलेल्या चेहऱ्यांनी, हे त्यांना ठरवता येत नव्हतं, आणि हा प्रश्न मांडण्यासारखी जागा समितीच्या पुढच्या बैठकीशिवाय दुसरी नव्हती.

पुढे सगळं रीतसर झालं. बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांच्या तसबिरीला फुलं वाहिली, भंतेजींनी सगळ्यांना उभं राहायला सांगितलं आणि पंचशील सुरू केलं. पडद्यामागची मंडळीही बाहेर आली होती. जेवण तरी पदरात पडावं म्हणून ती शेवटच्या रांगेत हात जोडून उभी होती. चार शीलं झाली. पाचवं आलं, मादक पदार्थांपासून दूर राहण्याचं. कलावतीबाईंनी ते डोळे मिटून, सगळ्यांच्या वर ऐकू येईल अशा आवाजात म्हटलं. त्यांच्यामागून अख्ख्या हॉलने म्हटलं. ढोक्यांनी म्हटलं, इंद्रजीतने म्हटलं, रेल्वेवाल्यांनी जमेल तसं म्हटलं. रायपुरात आजवर झालेल्या लग्नांतलं हे पहिलंच असावं, की ती ओळ म्हणताना हॉलमधला एकूण एक माणूस खरं बोलत होता, नाइलाजाने का होईना.